हवा फुल्ल, तरी ब्रेकची लाल लाइट चालूच: आमच्या ट्रकचा ऑगस्ट महिना

हे लिहायचं कारण एवढंच की ऑगस्टमध्ये आमच्या गाडीची ब्रेकची लाइट बंद होत नव्हती तेव्हा मी रात्र रात्र मोबाइलवर शोधलं आणि मराठीत जे सापडलं ते सगळं कारचं होतं, ब्रेक ऑइल बघा, हँडब्रेक नीट खाली करा वगैरे. पूर्ण एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये ब्रेक ऑइल नसतंच (क्लचचं असतं, ते वेगळं). म्हणून ज्यांच्याकडे एखाद-दुसरी गाडी आहे आणि मीटरमध्ये लाल दिवा दिसला की पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी.

आमच्याकडे एकच ट्रक आहे, सहा टायरचा, २०१७ चा, बीएस-४. बाबांनी घेतलेला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून भाडं, डिझेल, टोल, कागदपत्रं सगळं मी बघते. चालवतात काका, काटोल तालुक्यातले, बाबांच्या जुन्या ओळखीचे. आम्ही राहतो वाडीला, अमरावती रोडवर, म्हणजे नागपुरात ट्रकचं काहीही बिघडलं की माणसं जिथे येतात तिथेच. कोणाकडे जायचं हा प्रश्न त्याने सोपा होत नाही, उलट प्रत्येक जण आपल्या दुकानाकडे ओढतो.

४ ऑगस्ट, सोमवार. हिंगणा एमआयडीसीत गाडी भरली, अमरावतीला जायची होती. काकांचा फोन आला, "ताई, मीटरमधली लाल लाइट जाऊनच नाही रायली." म्हणलं हवा किती आहे. "हवा त फुल्ल हाये, दोन्ही काटे आठवर." बजर (हवा कमी झाली की वाजतो तो)? "बजर बंद हाये. गाडी थांबून रायली बरोबर. बल्बच काढून टाकू का, डोळ्याले खुपते नुसती." हा सल्ला पुढच्या तीन आठवड्यांत मला इतक्या जणांनी दिला की मोजणं सोडून दिलं. काकांना आधी मीटरचा फोटो पाठवा म्हणलं, आणि तुम्हीही पहिलं काम हेच करा, कारण "ब्रेकची लाइट" म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पिवळी एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लिहिलेली असेल तर ते चाकाजवळचे सेन्सर, त्यांच्या वायरी, एबीएसचा कंट्रोलर असं प्रकरण. P अक्षराची असेल तर पार्किंग ब्रेक, म्हणजे आपला हँडब्रेक. आणि गोलात उद्गारचिन्ह असलेली लाल असेल तर ती गाडीगाडीप्रमाणे बदलते. आमच्या गाडीत P वेगळा नाही, तीच एक लाल लाइट हवा कमी झाली तरी लागते आणि पार्किंग ब्रेक लागलेला असला तरी लागते. हे मला गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडलं, जे सीटमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं आणि आजवर कोणी उघडलेलं नव्हतं.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले भरलेली गाडी सत्याग्रही घाटातून उतरवायची आहे, लाल लाइट लावून नाही. झालं. माल दुसऱ्या गाडीत चढवला, ट्रान्सपोर्टवाला चिडला ते चिडलाच, वर हमालीचे १,८०० रुपये आमच्या खिशातून गेले. त्या दिवशी मला बाबांचा राग आला होता हे खरं. आणि डोक्यावर दुसरी तलवार म्हणजे फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला), तो ७ सप्टेंबरला संपत होता.

मग कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला फोन केला (नाव लिहीत नाही). नंबर लागला ११ तारखेचा, मधे राखी होती. तिथे लॅपटॉप लावून स्कॅन केलं, १,२०० रुपये. एबीएसमध्ये बिघाडाचा एकही कोड नाही, इंजिनमध्ये नाही. संध्याकाळी एस्टिमेट हातात आलं, मीटर बदला, म्हणजे डॅशबोर्डवरचं अख्खं क्लस्टर, १६,५०० आणि वरून टॅक्स, माल यायला आठ-दहा दिवस. मी विचारलं की मीटर खराब आहे हे कशावरून ठरवलं, तर म्हणे हवा पूर्ण आहे, कोड नाही, मग मीटरच. पण चेसिसवरच्या स्विचचं एकही कनेक्टर कोणी काढून बघितलं नव्हतं, मी दिवसभर तिथेच बसून होते. नंतर कळलं की आमच्या गाडीत ही लाइट साध्या स्विचवर चालते, कुठल्याही कंट्रोलरमधून जात नाही, त्यामुळे स्कॅनरला ती दिसणारच नव्हती. जॉब कार्डची कॉपी घेतली आणि गाडी घरी आणली. एक सांगते, कोणी महागडा पार्ट बदला म्हणलं तर "कोणती टेस्ट केली" एवढं नक्की विचारा, भांडायची गरज नाही, नुसतं विचारा.

पंधरा ऑगस्ट आणि जोडून आलेला शनिवार-रविवार गेला, गाडी घरासमोर उभी, हप्ता मात्र उभा राहत नाही.

१८ तारखेला वाडीतल्याच एका वायरिंगवाल्या भाऊंकडे गेलो. छोटं दुकान, हातात टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर, बस. त्यांनी आधी चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावायला लावले, कारण हँडब्रेक सोडून काम करायचं होतं. ठोकळे लावल्याशिवाय कोणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका, आपला माणूस असो की मिस्त्री. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं म्हणून नीट सांगते. आमच्या गाडीत त्या लाल लाइटला तीन स्विच जोडलेले आहेत, पुढच्या सर्किटचा (म्हणजे पुढच्या ब्रेकच्या लाइनीचा) हवेचा, मागच्या सर्किटचा हवेचा आणि पार्किंग ब्रेकच्या लाइनमधला. हवा कमी असली की स्विच आतून जुळतो, वायर चेसिसला म्हणजे अर्थला मिळते आणि लाइट लागते. हवा भरली की स्विच सुटतो, लाइट जाते. त्यामुळे इंजिन चालू, हवा आठ, हँडब्रेक सोडलेला अशा स्थितीत एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्याचं काढल्यावर लाइट जाईल त्या स्विचकडे काहीतरी आहे. तिन्ही काढूनही लाइट चालूच राहिली तर वायर कुठेतरी घासून चेसिसला टेकली आहे, किंवा मग मीटर. (काही गाड्यांमध्ये स्विच उलटा चालतो, तिथे कनेक्टर काढल्यावर लाइट लागते, म्हणून आधी आपल्या गाडीचं माहीत करून घ्या.) काढायच्या आधी प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढून ठेवा, तिन्ही सारखेच दिसतात.

पहिलं काढलं, लाइट चालू. दुसरं काढलं, चालू. तिसरं, पार्किंगचं काढलं आणि लाइट गेली. काका टाळी वाजवणार होते. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली, साडेसोळा हजार वाचले. नवा स्विच ४५० रुपयांना आणला, लावला, चावी फिरवली, हवा भरली... लाइट चालू!

भाऊंनी जुना स्विच शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हवेवर लावून मल्टिमीटरने तपासला. हवा दिली की सुटतो, हवा काढली की जुळतो. जुनाही चांगलाच निघाला. ते म्हणाले, "दीदी, बिजली का काम इधर खतम है, अब हवावाले को दिखाओ," आणि ३०० रुपये घेतले. मी जास्त द्यायला बघत होते, घेतले नाहीत. काकांचं पुन्हा सुरू, आता त ते कनेक्टर काढलेलंच राहू द्या, लाइट बी बंद, कटकट बी बंद, फिटनेसले कोन पाहते. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मागच्या ड्रमले हात लावून पाह्यला काय?" नव्हता लावला कोणीच. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी रिकामी गोंडखैरीपर्यंत नेऊन आणली, मधे ब्रेक शक्यतो न दाबता. पुढचे ड्रम कोमट. मागचे दोन्ही इतके तापलेले की हात जवळ नेववत नव्हता, आणि लायनरचा (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्टीचा) जळका वास. दोन थेंब पाणी टाकलं तर चर्र आवाज. (थेंबच टाका, तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मारलं तर तो तडकतो.) तेव्हा डिझेलची वही काढली, जूनमध्ये लिटरला ५.६ किलोमीटर होतं, जुलैमध्ये ५ वर आलेलं. मी ते पावसावर आणि ट्रॅफिकवर ढकललं होतं, काकाही म्हणाले की हो, गाडी थोडी जड चालून रायली होती, मला वाटलं माल जास्त भरला.

म्हणजे लाइट खरं सांगत होती, पार्किंग ब्रेक थोडा लागलेलाच होता.

इथे थोडं समजून घ्यावं लागतं. एअर ब्रेकच्या गाडीत पायाचा ब्रेक हवेने लागतो, पण पार्किंग ब्रेक हवेने सुटतो. मागच्या बूस्टरमध्ये (चाकाजवळचा ब्रेक ओढणारा हवेचा डबा) एक जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते, ती ब्रेक लावून ठेवते आणि हवा तिला दाबून ब्रेक सोडवते. हवा संपली तर गाडी आपोआप थांबावी म्हणून तशी रचना आहे. आता त्या बूस्टरकडे पुरेशी हवा पोचलीच नाही तर स्प्रिंग पूर्ण दबत नाही आणि ब्रेक अर्धवट घासत राहतो. आणि जाता जाता, त्या मागच्या बूस्टरचा स्प्रिंगकडचा क्लॅम्प कधीही घरी उघडू नका, स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो, त्याला लॉक करायचा वेगळा बोल्ट असतो आणि ते काम फक्त ज्याला येतं त्यानेच करायचं.

पण मग काटे आठवर कसे? हे मला उस्तादांनी सांगितलं. २० तारखेला त्यांच्याकडे गेलो, फक्त हवेच्या ब्रेकचंच काम करतात, आधी दोन गाड्या होत्या त्यामुळे दुपारी तीनपर्यंत बाकावर बसलो. ते म्हणाले मीटरमधले दोन काटे पुढच्या आणि मागच्या पायाच्या ब्रेकच्या टाक्यांची हवा दाखवतात, पार्किंगच्या लाइनचा काटाच नाही. त्या लाइनचं सांगायला फक्त ती लाल लाइट आहे. बजरसुद्धा आमच्या गाडीत त्या दोन टाक्यांनाच जोडलेला. हे ऐकल्यावर बल्ब काढायला सांगणारे सगळे चेहरे डोळ्यासमोर आले.

उस्तादांकडे हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज होता, कुठल्याही लाइनीत मधे जोडता यावा म्हणून टी जोड लावलेला. कॉम्प्रेसरची हवा आधी ड्रायरमधून (हवेतलं पाणी काढून घेणारा) जाते, मग एका व्हॉल्व्हमध्ये, तिथे ती चार सर्किटमध्ये वाटली जाते, त्याला सिस्टिम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह म्हणतात, एक सर्किट फुटलं तर बाकीच्यांची हवा जाऊ नये म्हणून. त्याच्या अंगावर १, २१, २२, २३, २४ असे आकडे असतात, १ म्हणजे आत येणारी हवा, बाकीचे चार बाहेर जाणाऱ्या हवेचे. आमच्या गाडीत २३ वरून पार्किंगची लाइन निघते. त्यांनी आधी हँडब्रेकच्या व्हॉल्व्हकडे येणारी हवा मोजली, ४.५. इथे आठ आली असती आणि पुढे कमी गेली असती तर हँडब्रेकचा व्हॉल्व्ह दोषी. पण येतानाच कमी. मग पाइप धरून मागे मागे गेले, साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले, लीक नाही. शेवटी व्हॉल्व्हवर मोजलं, २१ ला आठ, २२ ला आठ, २३ ला साडेचार.

मग टाक्यांचे ड्रेन (तळाशी साचलेलं पाणी सोडायचे) ओढले. आधी पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं काहीतरी, तेल आणि पाणी एकत्र झालेलं. व्हॉल्व्ह उतरवून खोलला तर २३ च्या बाजूला काळा चिकट गाळ, पिस्टन पूर्ण उघडतच नव्हता. ड्रायरचा फिल्टर कधी बदलला ते ना वहीत, ना काकांना आठवत. तो साधारण वर्षातून एकदा बदलायचा असतो, नक्की काय ते आपापल्या मॅन्युअलमध्ये बघा. पावसाळ्यात हवेतच पाणी असतं, फिल्टर गेलेला असला की ते सरळ पुढे जातं, आणि कॉम्प्रेसर थोडं तेल फेकत असेल तर त्याचा गाळ होतो.

किट टाकून व्हॉल्व्ह रिपेअर होतो, नऊशेच्या आसपास, पण आमच्या व्हॉल्व्हची बॉडी आतून खाल्लेली होती. नवा घ्यायचं ठरलं, टॅक्ससकट ४,६००, आणि ड्रायरचा फिल्टर २,१००. वाडीत तो व्हॉल्व्ह मिळाला नाही, शहरातून येणार होता. पण २२ ला पोळा, काका बैलांसाठी गावी गेले, आणि २३ ला तान्हा पोळा आणि मारबत (रोगराई, संकटं हाकलायला पुतळे काढतात ती नागपूरची मिरवणूक). त्या दिवशी इतवारी-महालकडे गाडी नेणं तर सोडाच, माणूस शिरत नाही. आमच्या गल्लीतली पोरं "घेऊन जा गे मारबत" ओरडत फिरत होती तेव्हा मीही मनातल्या मनात आमच्या लाल लाइटचं नाव जोडून दिलं.

सोमवारी २५ ला व्हॉल्व्ह आला. जुना पार्ट परत मागून घ्या, बिल पक्कं घ्या. उस्तादांनी आधी सगळ्या लाइनी हवेने फुंकून साफ केल्या, नाहीतर जुना गाळ नव्या व्हॉल्व्हमध्ये जाणार. बसवल्यावर इंजिन चालू केलं, काटे चढले, आणि कोणी काही बोलायच्या आत लाइट गेली. गेजवर २३ ला ७.८. हँडब्रेक ओढला, लाइट लागली, सोडला, गेली. मग इंजिन बंद करून चावी चालू ठेवून, ठोकळे लावलेलेच होते, पायाचा ब्रेक मारत मारत हवा कमी केली, काटा पाचच्या खाली गेल्यावर लाइट आणि बजर दोन्ही आले. ही टेस्ट करून घ्याच, नाहीतर लाइट गेली ती दुरुस्त होऊन गेली की मेली म्हणून गेली ते कळणार कसं. मागचे ड्रम उतरवले तर लायनर चकाकलेले होते पण जाडी शिल्लक होती, घासून परत बसवले, दोन्ही बाजूंचे स्लॅक (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे) सेट केले, १,४००. उस्तादांची मजुरी २,०००.

खर्च सगळा मिळून, स्कॅनपासून स्विचपर्यंत धरून, १२,०५० झाला. हमाली आणि बुडालेली भाडी वेगळी, ती मी मुद्दाम मांडली नाहीत.

फिटनेसचं मी मधल्या रिकाम्या दिवसांत करून ठेवलं होतं. परिवहनच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की ओटीपी येतो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो होता बाबांचा बंद पडलेला नंबर. त्यामुळे आधी नंबर बदलायचा अर्ज, मग फी, मग स्लॉट. तुमची तारीख जवळ असेल तर हा नंबर आजच तपासा. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, परमिट, स्पीड गव्हर्नर आणि रिफ्लेक्टर टेपचं सर्टिफिकेट, सगळं चालू तारखेचं लागतं. स्लॉट मिळाला २ सप्टेंबरचा, ग्रामीण आरटीओचा. सकाळी लवकर गेलो तरी आधी लाइन होतीच. निरीक्षकांनी चेसिस नंबर बघितला, लाइट, वायपर, हॉर्न, टेप बघितली, मग चावी फिरवायला लावून मीटरकडे वाकून बघितलं, सगळे दिवे लागतात आणि इंजिन चालू झाल्यावर जातात का ते. मी काकांकडे बघितलं, काका दुसरीकडे बघत होते. मग ट्रॅकवर ब्रेक मारून दाखवायचा होता, गाडी सरळ थांबली. पास. गाडीला आता आठ वर्षं झाली, त्यामुळे इथून पुढे दोन वर्षांऐवजी दरवर्षी हेच करायचं आहे.

सप्टेंबरचं मायलेज ५.५ पर्यंत परत आलं आहे. एक गोष्ट मात्र राहिलीय. ड्रायर जिथून फुस्स करून हवा सोडतो तिथे पांढरा पुठ्ठा धरून बघा असं उस्तादांनी शिकवलं, पाण्याचे शिंतोडे आले तर चालतं, तेलाचा डाग आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. आमच्या पुठ्ठ्यावर डाग येतो. कॉम्प्रेसर खोलून रिंगा बदलायच्या म्हणजे पुन्हा गाडी उभी, आणि आंबिया बहाराची संत्री निघायला लागली की काटोल-कळमना फेऱ्या सुरू होतात, तेव्हा ते दिवाळीनंतर करू असं ठरलंय. तोपर्यंत काका दर सोमवारी सकाळी टाक्या ड्रेन करून मला पुठ्ठ्याचा फोटो पाठवतात. सध्या डाग रुपयाच्या नाण्याएवढा आहे, त्याहून मोठा झाला तर दिवाळीची वाट बघणार नाही.